ब्रेक नसलेली गाडी

मँचेस्टर,
१९ ऑक्टोबर २०२५

प्रिय दिल्या,

तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे, गोळी मात्र वाढली. आईचं चाललंय. झालं.

तुझ्या पत्रांना उत्तरं दिली नाहीत म्हणून शिव्या तयार असतील, त्या आधी देऊन टाक आणि मग पुढचं वाच. फोनवर हे बोलता येत नाही. घर एवढंसं, आणि मीनलचे कान तुला ठाऊक आहेत.

ओंकारला मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचंय. साधी शर्यत असती तर सुभ्याला लिहिलं असतं, तुला नाही. ही स्पीडवे. गाडीला ब्रेक नाही. बिघडलेला नाही रे, मुळात बसवलेलाच नसतो. गिअर एकच. पाचशे सीसीचं एकच सिलिंडर, टाकीत पेट्रोलऐवजी मिथेनॉल. गाडीचं वजन कमीत कमी ७७ किलो लागतं, म्हणजे ती तुझ्यापेक्षा हलकी. मातीचा अंडाकृती ट्रॅक, चार जण, चार फेऱ्या, एका मिनिटात निकाल. वळण येतं तेव्हा ही मंडळी वेग कमी करत नाहीत. मागचं चाक बाहेर फेकतात, हँडल उलट उजवीकडे धरतात आणि डावा पाय जमिनीला लावून गाडी आडवी घसरवत नेतात. त्या डाव्या बुटाखाली पोलादाचा तळ असतो. परवा ओंकार तो बांधत होता. पट्टा ओढून टाच दोनदा जमिनीवर आपटली, खणखण आवाज आला, आणि पोरगा खूश. मला तुझ्या डाव्या पायातला रॉड आठवला. आठवणार नाही तर काय!

पंधराचा आहे, सुरुवात छोट्या इंजिनावर होणार. पण अर्जावर पालकाची सही लागते. मीनल म्हणते, "मी करणार नाही आणि तू केलीस तर जेवायला बाहेर जा." अर्ज माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

हे खूळ इथल्या बेल व्ह्यूच्या स्टेडियममुळे. जूनमध्ये तिथे वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या दोन फेऱ्या (ट्रॅकच्या नव्हे, एकेक रात्रीच्या अख्ख्या स्पर्धा) झाल्या, मीच तिकिटं काढली होती. (गप्प बस. तुझ्या भाचीला तबला कुणी लावला ते मी काढत नाही.) तेव्हापासून तो ब्रॅडी कुर्ट्झ या ऑस्ट्रेलियन पोराचा भक्त. कुर्ट्झने यंदा शेवटच्या पाच फेऱ्या लागोपाठ जिंकल्या. पाच! आणि डेन्मार्कात वोयेन्सला सगळं संपलं तेव्हा किताब गेला पोलंडच्या झ्मार्झलिककडे, एका गुणाने. ओंकार दोन घास खाऊन उठला. मी म्हटलं, बेट्या, असं आधीही झालंय, आणि समजूत घालायला जुनं शोधू लागलो. तिथे अडकलो.

पहिली वर्ल्ड फायनल १९३६ ची, लंडनला वेम्बलीवर. ब्लूई विल्किन्सन नावाचा ऑस्ट्रेलियन त्या रात्री पाचही शर्यती जिंकला. पैकीच्या पैकी, १५ गुण. आणि चॅम्पियन झाला नाही. आधीच्या फेऱ्यांचे बोनस गुण सोबत आणायचे असा नियम होता, त्याचे होते १०. एकूण २५. लायनेल व्हॅन प्राग १४ अधिक १२, एरिक लँगटन १३ अधिक १३, दोघे २६ वर. म्हणजे त्या रात्री कुणाकडून न हरलेला माणूस तिसरा! आपल्या गॅदरिंगच्या ट्रॉफीत जोशी सरांनी तुझं जे केलं तेच. मी तेव्हाही म्हणालो होतो की नियम आधी वाचायचे असतात. आजही म्हणतो.

मग त्या दोघांची निकाली शर्यत. लँगटन उतावीळ, सुरुवातीच्या फितीलाच जाऊन भिडला. नियमाने बाद. पण व्हॅन प्राग म्हणाला, असा फुकटचा किताब मला नको, पुन्हा लावा. पुन्हा लावली. लँगटन पुढे, पुढे, पुढे, आणि शेवटच्या वळणावर हा आतून घुसला. पैसे वाटून घ्यायचं आधीच ठरलं होतं अशी कुजबुज पुढे बरीच वर्षं चालली. खरं असो नसो, मला व्हॅन प्राग आवडतो. महायुद्धात त्याचं विमान सुंबा बेटाजवळ पाडलं, तर समुद्रात तासन्‌तास जखमी साथीदारांना धरून राहिला. जॉर्ज मेडल मिळालं.

विल्किन्सनला त्याचं माप १९३८ मध्ये मिळालं, दुखरा खांदा बांधून जिंकला. आणि १९४० मध्ये गेला. ट्रॅकवर नाही. सिडनीत साध्या रस्त्यावर, मोटरसायकलच्या अपघातात. हे मी मीनलला पुरावा म्हणून सांगितलं: बघ, बिनब्रेकच्या गाडीने काही केलं नाही, ब्रेकवालीने मारलं. ती म्हणाली, "आणि पीटर क्रेव्हन?"

तिला क्रेव्हन कुणी सांगितला कोण जाणे. बेल व्ह्यूचाच माणूस, दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, १९५५ आणि १९६२, चणीने बारका, गाडीवर तोल असा की बघत राहावं. १९६३ मध्ये एडिंबरोला पुढचा पडला, त्याला वाचवायला याने गाडी वळवली आणि कुंपणावर आदळला. २९ वर्षांचा होता. इथली म्हातारी मंडळी त्याचं नाव अजून हळू आवाजात घेतात. मी काय उत्तर देणार? आता मोठ्या ट्रॅकना हवेने भरलेली कुंपणं असतात, मनगटाला दोरी बांधलेली असते, पडलास की इंजिन बंद, हे सांगितलं. ती भाजी चिरत राहिली.

ओंकारचा युक्तिवाद वेगळा. म्हणतो, ब्रेक कुणालाच नाही म्हणूनच बरं, पुढचा अचानक थांबत नाही. आहे खरं त्यात तथ्य. आपल्या जावाला तरी कुठे होते ब्रेक? आयर्विन पुलावर ती पडली तेव्हा हँडल तुझ्या हातात होतं, कितीही वेळा माझ्यावर ढकललंस तरी.

आणि हे तुला ठाऊक नसणार: आण्णांची जावा आणि या शर्यतीतली जावा एकाच घरातल्या. दिविशोव गावात एसो नावाचा कारखाना होता, स्पीडवेची इंजिनं करायचा. १९६४ च्या सुमारास तो जावात विलीन झाला. न्यूझीलंडच्या इव्हान मॉगरने सहा किताब घेतले, त्यात जावाचा हात मोठा. झ्मार्झलिकचाही यंदा सहावा. त्याच झ्मार्झलिकला २०२३ मध्ये एका फेरीतून बाद केलं होतं, का, तर अंगावरचा सूट नेमलेला नव्हता! पीटीच्या तासाला आपण किती उन्हात उभे राहिलो असू, आठव. तरी त्या वर्षीचा किताब त्यानेच घेतला.

पूर्वी सगळं एका रात्रीत ठरायचं. सोळा जण, वीस शर्यती, प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ, आणि घरी. १९७३ ला पोलंडात खोझूवला लाखाच्या वर लोकांसमोर निकाली शर्यतीत मॉगर पडला आणि पोलंडचाच श्चाकेल जिंकला. पोलंडला दुसरा चॅम्पियन मिळायला २०१० उजाडलं. १९९५ पासून वर्षभराच्या ग्रां प्री, म्हणजे सगळ्या फेऱ्यांचे गुण जोडून किताब. हिशेबाला तेच न्याय्य. मला मात्र एका रात्रीचीच आवडते, एकदाच छातीत धडधडायचं. दर पंधरा दिवसांनी माझ्याच्याने होणार नाही.

तेच तर सांगतोय. मला ना 'नाही' म्हणता येत, ना सही करता येत. तू पाय मोडून प्लास्टरमध्ये होतास, आणि प्लास्टर निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी आण्णांनी तुझ्या हातात पुन्हा किल्ली दिली. मी दारात उभा होतो. माई आत रडत होत्या. आण्णा काही बोलले ते मला ऐकू आलं नाही, आणि तू कधी सांगितलं नाहीस. ते मला लिही. जसं बोलले तसं, मीठमसाला न लावता.

प्राचीच्या लग्नाला मार्चमध्ये येतोय, तिकीट झालं. तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? शाळेतून सुटलास ते बरं केलंस. वहिनींना सांग, चकल्या पोचल्या, निम्म्या अखंड.

अर्ज महिनाअखेरीस द्यायचा आहे. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाक, घरच्या नको.

तुझा,
संज्या