कंदिलाचं जुनं प्रकरण आणि यंदाची दिवाळी

पुणे,
गुरुवार, ९ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवाच फोनवर बोललो, तरी लिहायला बसलेय. फोनवर मी दिवाळीच्या खर्चाचं काही काढलं की बाबा लगेच "किती पाठवू?" म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. पत्रात मधे बोलता येत नाही, हा फायदा.

तर पैसे पाठवू नका. नव्या घराचं डिपॉझिट, शाळेची फी आणि टेंपोवाल्याचं बिल एकाच महिन्यात आल्यामुळे हात आखडता आहे, एवढंच. सजावटीला दीड हजार रुपये धरलेत. पहिल्यांदाच दिवाळीला तुम्ही आमच्याकडे येताय आणि घर उघडंबोडकं दिसेल, ही आईची काळजी माझ्यापर्यंत मावशीमार्फत पोचली आहे. दिसणार नाही. ऐक.

पणत्या कुंभारवाड्यातून साध्या, बिनरंगाच्या दोन डझन आणल्या. मागच्या वर्षीच्या पंधरा होत्या, त्या सोड्याच्या गरम पाण्यात टाकून काजळी काढली. सगळ्या रात्रभर पाण्यात भिजवून आता उन्हात पालथ्या घातल्यात. आई, लहानपणी तू बादलीभर पणत्या भिजत घालायचीस तेव्हा मला वाटायचं, धूळ जावी म्हणून. हिशेब मांडला तेव्हा कळलं. पणती दोन दिवाळ्या चालते, तेल रोज लागतं, आणि कोरडी माती त्यातलं निम्मं पहिल्याच संध्याकाळी पिऊन टाकते. देवापुढे आणि तुळशीपाशी चांगलं तेल, जिन्यातल्या आणि बाल्कनीतल्या पणत्यांना चकल्यांच्या तळणीतून उरलेलं, गाळून. थोडा धूर होतो, पण बाहेर कोण बघतंय!

फुलांचं अजून ठरायचं आहे. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी कोपऱ्यावर झेंडू घेणं म्हणजे आपण होऊन खिसा कापून देणं. मी आदल्या दिवशी पहाटे मार्केट यार्डात जाऊन घट्ट, अर्धवट उमललेली फुलं आणणार आहे. ओल्या फडक्यात राहतात. आंब्याची पानं सोसायटीच्या झाडाची. सेक्रेटरींना रीतसर विचारलंय, त्यांनी "एकच टहाळा" अशी अट घातली आहे. एका टहाळ्याचं तोरण मुख्य दाराला पुरेल. आतल्या दाराला आई, तुझ्या त्या विरलेल्या जांभळ्या नारायणपेठीचे काठ लावलेत. हो, कापली. गोधडीसाठी ठेव म्हणाली होतीस, पण पोत पार गेला होता, बोट लावलं तरी फाटत होता. काठ मात्र अजून तसाच आहे. मधला भाग गोधडीला ठेवलाय, त्यामुळे ओरडलीस तर अर्धंच ओरड.

रांगोळीची खरी पंचाईत होती. इथे दारात पांढरी टाइल, तिच्यावर पांढरी रांगोळी दिसतच नाही. लोक स्टिकर चिकटवतात. मला ते बघवत नाही (चिकटवणाऱ्यांचं काय चुकतं, त्यांना आठला ऑफिस गाठायचं असतं). जुन्या कपाटाचा एक प्लाय माळ्यावर पडून होता, त्याला गेरूचे दोन हात दिले. आता दारात आपल्या अंगणाचा दोन बाय दोनचा तुकडा आहे. ठिपके काढायला तू हवीस. माझी सातवी ओळ अजून वाकडी जाते.

चिरंजीवांना किल्ला हवा आहे. जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हापासून शाळेत त्यांचाच गजर चाललाय. त्याला रायगड करायचा होता. बाल्कनीत रायगडाएवढी माती कुठून आणू? मी यादी वाचून खांदेरी सुचवला. समुद्रातला किल्ला, परातीत पाणी ओतलं की निम्मं काम झालं. मधे विटांचे तुकडे, त्यावर दोन कुंड्यांची माती. अळीव रविवारी पेरायचे, म्हणजे तुम्ही याल तेव्हा हिरवं झालेलं असेल. बेटावर एवढं गवत असतं का, असं त्याने विचारलं. मी पाऊस सरल्यावरचा किल्ला आहे असं सांगून वेळ मारून नेली. बाबा, तुम्हीही तेच सांगा.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. कंदील.

बाजारात कापडी कंदील आठशेच्या खाली नाही. म्हणून बुरूड आळीतून कामट्या आणल्या, बोहरी आळीतून पतंगी कागद. पांढरा आणि गुलाबी, तुमचे नेहमीचे रंग. खळ मैद्याची शिजवली. तुम्ही तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचात, ते मी टाळलं, घरात लहान मूल आहे आणि ते सगळं चाटून बघतं. तीन रात्री बसून सांगाडा बांधला. पहिल्या रात्री तो उभा राहिला, दुसऱ्या रात्री एका अंगाला कलला, तिसऱ्या रात्री जावईबापू म्हणाले, "आधुनिक आहे." चौकटीचे कोपरे सुटतात. तुम्ही दोऱ्याचा फेर उलटा कसा द्यायचात ते आठवतंय, पण हाताला येत नाही.

आणि फेर देता देता ते १९९६ सालचं आठवलं. बाबा, तो कंदील वायरिंगमुळे जळला नव्हता. मी जाळला.

समोरच्यांनी त्या वर्षी चांदणीचा मोठा कंदील आणला होता. आपल्यात तुम्ही झिरोचा बल्ब लावलेला, पंधरा वॉटचा, मिणमिणता. मी पाचवीत. तुम्ही ऑफिसात, आई चिवडा करत होती. मी स्टुलावर चढले आणि मोरीतला शंभरचा बल्ब काढून कंदिलात लावला. पाच मिनिटं आपला कंदील गल्लीत सगळ्यांत झगझगीत होता. मग कागद एका बाजूने तपकिरी झाला, आणि मी बघत असतानाच भोक मोठं होत गेलं. आई तांब्याभर पाणी घेऊन धावली, बल्ब तडकून खाली पडला, काचा मीच भरल्या. झिरोचा बल्ब होळीपर्यंत माझ्या दप्तराच्या तळाशी होता.

त्या बल्बमधली बहुतेक सगळी वीज उष्णतेतच जायची, हे मला नंतर विज्ञानाच्या तासाला कळलं आणि मी मान खाली घालून बसले. तुम्ही मात्र वायरमन बोलावलात, होल्डर बदललात, ओटीपर्यंतची वायर नवी ओढून घेतलीत. पुढच्या वर्षी कंदील वीतभर मोठा केलात, कागद बल्बपासून लांब राहावा म्हणून. "माझंच माप चुकलं" असं आजोबांना सांगताना मी दाराआडून ऐकलं होतं. तुमचं माप बरोबर होतं, बाबा.

यंदा आत सात वॉटचा एलईडी आहे. तासाभराने हात लावून बघितला, खालून जेमतेम कोमट. तेव्हा जुन्या, लहान मापाचा कंदील करायला हरकत नाही, आणि तोच मला करायचा आहे.

तुमचा हात अलीकडे थरथरतो, म्हणून कंदील सोडलात हे आईने सांगितलं. बांधायला माझे हात आहेत. तुम्ही खुर्चीत बसायचं, चहा प्यायचा आणि "उलटा फेर, उलटा" म्हणून ओरडायचं. चौकटी मी सोडवून पुन्हा मोकळ्या करून ठेवल्यात. कंदिलाच्या कागदी करंज्या आणि शेपट्या नातू कापणार आहे, त्या सारख्या येणार नाहीत, चालवून घ्या.

धनत्रयोदशी शनिवारी, १८ तारखेला आहे. शुक्रवारी वसुबारसेलाच या, म्हणजे कंदिलाला एक रात्र मिळेल. येताना कामट्या तासायची तुमची ती लाकडी मुठीची सुरी आणि आईचं ठिपक्यांचं वहीतलं जुनं पान घेऊन या. फराळाचे डबे आणू नका, हे सांगून उपयोग नाही हे मला माहीत आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. वायरमनने तेव्हा किती घेतले होते ते बाबांना नक्की आठवत असेल. पाडव्याला तुम्हाला ओवाळेन, तेव्हा ओवाळणीतून तेवढे वळते करून घ्या.