तांब्या हातात देणाऱ्या वायरमन काकांस

ती. वायरमन काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं नाव मला माहीत नाही. विचारायचं राहून गेलं. तुम्ही घाटावरून आलेल्या गँगमध्ये होतात, बोलणं कोल्हापूर-सांगलीकडचं होतं, डाव्या हाताच्या करंगळीला मळकी पट्टी बांधलेली होती, एवढीच ओळख माझ्याकडे आहे. आमचं गाव दापोली तालुक्यात, केळशीच्या खाडीपासून जवळ. तुम्ही त्या पावसाळ्यात अशा कितीतरी वाड्यांमधून खांब उभे केले असतील, त्यामुळे आमची वाडी तुम्हाला आठवणार नाही. मला मात्र तो दिवस पक्का आठवतो. 8 जुलै 2020.

गेल्या महिन्यात, म्हणजे मे 2021 मध्ये, तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून वर गुजरातकडे गेलं. आमच्याकडे पुन्हा लाईट गेली. तीन दिवसांनी वायरमन आले तेव्हा मी तांब्या घेऊन डीपीपर्यंत पळत गेले आणि हेल्मेटखालचा एकेक चेहरा बघत राहिले. तुम्ही त्यात नव्हतात. त्या रात्री हे पत्र लिहायला घेतलं, आणि कितीदा लिहून खोडलं.

आधी आमचं कसं काय होतं ते सांगते, नाहीतर एका तांब्याचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल.

22 मार्चला जनता कर्फ्यू झाला तेव्हा मी भांडुपला होते, बाबांबरोबर. टी.वाय. बी.एस्सी., विषय फिजिक्स. बाबा एका ऑफिसात शिपाई. खोली दहा बाय बारा, संडास चाळीचा. परीक्षा तोंडावर आली होती, ती पुढे गेली, मग आणखी पुढे गेली. एप्रिलभर मी गॅलरीत उभी राहून मोबाईलवर लेक्चर ऐकली. खाली पोलिसांची गाडी, समोरच्या चाळीला बांबू बांधलेले, आणि कानात सर क्वांटम मेकॅनिक्स शिकवतायत. बाबांचा पगार आधी अर्धा झाला, मग फोन करू नका असा निरोप आला. सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं राहायची भीती वाटायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, गावी जाऊया. गावी आई आहे, आजी आहे, आगर आहे, विहीर आहे. आपल्या घरी उपाशी कोण मरतो?

ई-पास काढून 12 मेला निघालो. कशेडीच्या नाक्यावर पाच तास गाडीत बसलो. गावात पोचलो ते थेट जिल्हा परिषदेच्या शाळेत. ज्या वर्गात मी बाराखडी गिरवली त्याच वर्गात मी आणि बाबा चौदा दिवस राहिलो. आई डबा कुंपणाच्या दगडी गडग्यावर ठेवायची आणि दहा पावलं मागे जाऊन उभी राहायची. ते नियमाप्रमाणे होतं, त्याचं मला काही वाटलं नाही. आमच्या आशाताई रोज खिडकीशी येऊन ताप बघायच्या आणि "काय खाल्लंस गो आज?" असं विचारल्याशिवाय जायच्या नाहीत. स्वतःच्या घरी लहान पोर असताना ती बाई सगळ्या मुंबईकरांच्या खिडक्यांशी उभी राहिली. तिचेही आभार मला इथे मांडायचेत.

चौदा दिवस संपले. ताप नाही, खोकला नाही. घरी आलो. मला वाटलं होतं, आता सुटलो.

वाडीने आमच्यासाठी वेगळेच नियम केले होते. विहिरीवर सगळ्यांचं भरून झाल्यावर आम्ही जायचं. दुकानात पैसे फळीवर ठेवायचे आणि मागे सरायचं, मग दुकानदार काठीने सामान पुढे ढकलणार. आजीची एक मैत्रीण आहे, चाळीस वर्षं रोज दुपारी पान-सुपारीला यायची. ती येईनाशी झाली. आजी रोज त्या वेळेला ओटीवर पानाचा डबा उघडून बसायची आणि दिवेलागणीला मिटून ठेवायची. ज्या माणसांच्या पोरांना बाबांनी मुंबईत आमच्या त्या दहा बाय बारामध्ये महिना महिना ठेवून घेतलं, नोकरीला लावलं, त्यांनी आम्हाला बघून वाट बदलली. भीती खरी होती, घरोघरी म्हातारी माणसं होती, तालुक्याचं हॉस्पिटल लांब, हे मला तेव्हाही कळत होतं. पण चाकरमान्याच्या मनीऑर्डरीची भीती कधी कुणाला वाटली नव्हती. गणपतीला, शिमग्याला, देवळाच्या जीर्णोद्धाराला मुंबईकर पाहिजे होते.

आणि मग 3 जून. निसर्ग वादळ दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं, हे मी नंतर वाचलं. आमच्याकडे त्याआधीपासूनच आभाळ फाटल्यासारखं झालं होतं. आम्ही चौघं माजघरात उखळापाशी बसलो होतो. आगरातल्या पोफळी मोडल्या की फटाका फुटल्यासारखा आवाज येतो, तो आजी मोजत होती. पन्नासच्या पुढे तिने मोजणं सोडलं. पोफळ लावली की धरायला सात-आठ वर्षं जातात आणि आजीचं वय अठ्ठ्याहत्तर. पडवीचे पत्रे उडून गेले, अर्धी कौलं खाली आली, दोन माड मुळासकट आडवे झाले. दुसऱ्या दिवशी बघितलं तर वाडीत एक खांब सरळ उभा नव्हता.

वाडीतले पुरुष एकत्र येऊन घरं शाकारायला लागले. एका घराचं झालं की दुसऱ्या घराचं. आमच्या घराशी आले आणि पुढे गेले. बाबा शिडी घेऊन अंगणात उभे होते. कुणी काही बोललं नाही. बाबांनी आणि मी मिळून ताडपत्री बांधली, आई खालून दोरी देत होती. काका, त्या दिवशी मी बाबांच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

त्यानंतर पस्तीस दिवस अंधार. रॉकेल मिळेना. मोबाईलचा टॉवर बंद. रेंजसाठी वर कातळाच्या उघड्या सड्यावर जायचं आणि चार्जिंगसाठी तीन किलोमीटर चालत, जिथे जनरेटर होता तिथे, तिथेही आमचा फोन शेवटी. जूनच्या अखेरीस एकदा रेंज मिळाली तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर शेकडो मेसेज धबाधबा पडले. मी एका शिक्षकांना कळवलं की वादळात वीज गेली आहे, नोट्स भिजल्या आहेत, प्रोजेक्ट पाठवायला उशीर होईल. त्यांचं उत्तर ग्रुपवर आलं, सगळ्यांसमोर: ज्याला शिकायचं असतं तो मार्ग काढतो, कारणं सांगू नका. मी भर पावसात कातळावर बसून ते वाचलं. तिथेच रडले आणि तोंड पुसून खाली आले, कारण घरी सांगून काय उपयोग होता?

तेवढ्यात तुम्ही आलात.

म्हणजे तुमची गँग आधीच आठ दिवस पंचक्रोशीत होती. सिमेंटचे खांब खांद्यावर घेऊन, पायवाटेने, पावसात, बारा-पंधरा माणसं चालताना मी सड्यावरून पाहिली होती. आमच्याकडे ट्रक येईल असा रस्ता नाही आणि खाली सगळा जांभा, खड्डा मारायचा तर पहारीच्या ठिणग्या उडतात. तुमच्याबद्दलही वाडीत कुजबुज होतीच, घाटावरून आलेत, कुठून कुठून फिरून आलेत म्हणून. तुम्हाला शाळेत उतरवलं होतं, आमच्याच वर्गात.

8 जुलैला आमच्या अंगणाच्या कडेचा खांब उभा राहिला. तुम्ही वर चढलात, तारा ओढल्यात, जंपर बांधलात. मी ताडपत्रीखाली पुस्तक उघडून बसले होते, पण बघत तुमच्याकडेच होते. तीन वर्षं मी वीज शिकले. समीकरणं मला पाठ आहेत. वीज एका माणसाच्या बोटांवरून घरात येते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

तुम्ही खाली उतरलात आणि हाक मारलीत, "पोरी, पाणी मिळंल का?"

माझ्या पोटात गोळाच आला. दोन महिन्यांत आमच्या दारात कुणी पाणी मागितलं नव्हतं. कोकणात आल्यागेल्याला गूळ-पाणी दिल्याशिवाय कुणी पाठवत नाही, आमच्या आजीने तर टपाल घेऊन येणाऱ्या पोस्टमनलाही कधी कोरडं जाऊ दिलं नाही. आणि मी तांब्या भरून आणला तो सवयीने गडग्यावर ठेवला, आणि सवयीनेच दहा पावलं मागे सरले. मग म्हटलं, "काका, आम्ही मुंबईतून आलोय. वाडीत आमच्याकडचं कुणी घेत नाही. तुम्ही बघा काय ते." क्वारंटाईन संपून सहा आठवडे होऊन गेले होते, तरी मी हे सांगितलं. न सांगता तुम्हाला पाणी देणं मला फसवणूक वाटली. एवढं ते आमच्या अंगात मुरलं होतं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. म्हणालात, "आणि आमी कुटनं आलोय? आभाळातनं?" तांब्या उचललात, वरून घटाघट प्यायलात. मग गडग्याला वळसा घालून अंगणात आलात, ओटीच्या पायरीवर बसलात, आणि रिकामा तांब्या पुढे केलात. "अजून एक दे. ग्वाड हाय पाणी."

तो तांब्या तुम्ही गडग्यावर परत ठेवला असतात तरी मी आभारीच असते. तुम्ही तो माझ्या हातात दिलात. मी हात पुढे केला नव्हता, तरी तुम्ही धरून थांबलात, मी पुढे येऊन घेईपर्यंत. तुमची बोटं ओली होती, ग्रीसने काळी झालेली. काका, दोन महिन्यांत घराबाहेरच्या माणसाने माझ्या हातात दिलेली ती पहिली वस्तू होती. फळीवर, गडग्यावर, दगडावर, काठीच्या टोकाशी, असंच सगळं चाललं होतं. मी आत गेले आणि घागरीपाशी उभी राहून थोडा वेळ बाहेर येऊ शकले नाही. आजीने आतून सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "गूळ घेऊन जा गो बाय, नुसतं पानी नको." तिचा आवाज मला कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा वाटला.

मग तुम्ही विचारलंत, काय शिकतेस. फिजिक्स म्हटल्यावर तुम्ही सरसावून बसलात आणि मला बोटाने दाखवलंत: ती वरची अकरा हजाराची लाईन, ती डीपीत येते, डीपीतून हे तीन फेज आणि हा न्यूट्रल, घरात दोनशे तीस. वर चढायच्या आधी तारा अर्थ का करून घेता, तेही सांगितलंत. कुणाच्या घरचा जनरेटर उलटा लाईनीत वीज सोडतो आणि खांबावरचा माणूस जातो. हे सांगताना तुमचा आवाज खाली गेला. तुमच्या ओळखीचं कुणी होतं का, हे विचारायची हिंमत मला झाली नाही. जाताना म्हणालात, "शिक. लाईट आता जात न्हाई." आणि पुढच्या वाडीकडे निघून गेलात. सात वाजून दहा मिनिटांनी ओटीवरचा बल्ब लागला. वाडीतून मोठा ओरडा उठला. आमच्या घरात कुणी ओरडलं नाही. आजीने बल्बला हात जोडले.

दोनच दिवस आधी, 6 जुलैला, शेवटच्या वर्षाची परीक्षा घ्यायचीच असं यूजीसीने कळवलं होतं. परीक्षा होणार की नाही यावर पुढे ऑगस्टच्या अखेरीपर्यंत सुप्रीम कोर्टात चाललं. ऑक्टोबरमध्ये मी ती आमच्या पडवीतून दिली, मोबाईलवर. पास झाले. बाबा परत मुंबईला गेले. मी इथेच आहे, वाडीतली नऊ पोरं दुपारी आमच्याकडे शिकायला बसतात, कारण त्यांची शाळा अजून उघडलेली नाही. हो, त्याच घरांतली पोरं. पोरांवर माझा राग नाही. त्यांच्या आयांशी मात्र अजून मोकळं बोलता येत नाही, हे खरं आहे. विहिरीवर आता आधी-नंतर काही राहिलेलं नाही. आजीची मैत्रीणही दिवाळीत आली, बसली, रडली. आजीने तिला सुपारी कातरून दिली. एवढं मोठं मन माझं नाही.

मी माणसाकडे बघताना आता एक गोष्ट न चुकता बघते. देताना तो वस्तू ठेवतो की हातात देतो. एसटीचे कंडक्टर, रेशनवाले, बँकेतली माणसं. ज्यांचं शिक्षण मोठं, पद मोठं, अशांनी त्या वर्षी वस्तू लांब ठेवल्या, शब्दही लांबून फेकले. आणि घरापासून दीडशे-दोनशे किलोमीटरवर, ओल्या कपड्यांत, परक्या गावाच्या शाळेत फरशीवर झोपणाऱ्या माणसाला माझ्या हातापर्यंत तांब्या आणावासा वाटला. तुमच्याबरोबरच्या सगळ्यांना माझा नमस्कार सांगा. घरी काकूंनाही सांगा. त्या दिवसांत त्यांच्या जिवाला किती घोर लागला असेल.

तुमची,
केळशी खाडीजवळच्या वाडीतली, ताडपत्रीच्या घरातली मुलगी

ता. क. तुम्ही गेल्यावर खांबाखालच्या चिखलात बाबांना तुमचा पाना सापडला. बाबा दुसऱ्या दिवशी शाळेपर्यंत घेऊन गेले, पण तुमची गँग पहाटेच पुढे गेली होती. त्याला तेल लावून, फडक्यात गुंडाळून तो माळ्यावर ठेवला आहे. दर दोन महिन्यांनी आजी मला तो खाली काढून पुन्हा तेल लावायला लावते.