‘हाफ इंजिन’ करण्याआधी स्पिनर उघडून पाहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लाखभर किलोमीटर पळालेल्या हिरो होंडा स्प्लेंडर आजही गावोगावी दुधाचे कॅन ओढत आहेत. अशा गाडीचा पिकअप गेला किंवा तिने धूर मारला की ‘हाफ इंजिन करून टाका’, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उघडून बोअर-पिस्टनचे काम करा, हा सल्ला ठरलेला. त्या खर्चात पडण्याआधी खरा दोष कुठे आहे, हे घरच्या अंगणात बऱ्यापैकी कळते.

आधी गाडी मेन स्टँडवर घ्या आणि न्यूट्रलमध्ये मागचे चाक हाताने फिरवा. अडखळले तर ब्रेक लायनर धरतो आहे किंवा चेन ताठ आहे. चेन जिथे सर्वांत ताठ लागते तिथेच ढील मोजावी. मधोमध २० ते ३० मिलीमीटर हवी. चढावर इंजिन ओरडते पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच प्लेटा गेल्या. तिथे पिस्टन बदलून उपयोग नाही. चारचाकीचे तेल ओतले तरी क्लच असाच घसरू शकतो, कारण या गाडीचा क्लच तेलातच चालतो. डब्यावर ‘जासो एमए’ (JASO MA, तेलातल्या क्लचसाठीची प्रत) लिहिलेले १०डब्ल्यू-३० तेलच घ्यावे.

काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा. एअर फिल्टर आणि चोक पाहा. निळा धूर तेलाचा. सकाळी सुरू करताना एक भपकारा येऊन थांबत असेल तर संशय व्हॉल्व्ह सीलवर, रेस देताना सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगांवर. थंड इंजिनाचा प्लग काढून चमचाभर इंजिन तेल आत सोडा, चार किका मारा, प्लग लावून पुन्हा किकचा दाब पाहा. दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा (पिस्टन ज्यात चालतो त्या नळकांड्याचा), होता तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा. प्लगचे आटे हातानेच धरवावेत. हेड अॅल्युमिनियमचे आहे, पान्याने सुरुवात केली की आटे जातात.

टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) वाजतात म्हणून आवाज बंद होईपर्यंत आवळणे हा तर इंजिनावर अन्याय आहे. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो आणि कॉम्प्रेशन (इंजिनातला दाब) जाते. इंजिन थंड असताना मॅग्नेटवरची ‘टी’ खूण जुळवा, दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे दांडे) मोकळे आहेत याची खात्री करा (नसतील तर आणखी एक पूर्ण फेरा द्या) आणि गाडीच्या पुस्तिकेतल्या मापाचा फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. तो किंचित धरत सरकला पाहिजे.

सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे स्पिनर. या इंजिनाला कागदी ऑइल फिल्टर नाही. क्रँकच्या (पिस्टनच्या जोरावर फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) उजव्या टोकाला फिरणारी ही वाटी तेलातला गाळ बाहेर फेकून कडेला धरून ठेवते. तेल वेळेवर बदलणारेही ती वर्षानुवर्षे उघडत नाहीत. उघडली की आत श्रीखंडाइतका घट्ट काळा थर निघतो. क्रँकला जाणारे तेल याच वाटीतून जाते. ती भरली की बिग एंडचा (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो त्या बेअरिंगचा) आवाज सुरू व्हायला वेळ लागत नाही. तेल काढून, किक आणि क्लच वायर सोडवून उजवे कव्हर उतरवा. वाटी रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन पुसा, शेजारची जाळीही काढून धुवा. कव्हरला नवी पॅकिंगच लावा, जुनी पुन्हा बसवली की तेल पाझरते. नवे तेल भरल्यावर डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी पाहावी.

एवढे करूनही बोअर करायची वेळ आलीच, तर पिस्टन आधी घ्या आणि तो लेथवाल्याच्या हातात देऊन त्या मापाने बोअर करायला सांगा. मूळ माप ५० मिलीमीटर, पुढचे पिस्टन ०.२५ मिलीमीटरच्या टप्प्याने मिळतात. थेट ०.५० वर नेले तर पुढचा एक टप्पा विनाकारण वाया जातो.

आपल्या वाहनविषयक पानावर नव्या गाड्यांच्या ओळखीसोबत जुन्या गाड्यांची अशी मापे मराठीत छापावीत, ही विनंती.

आपला,
एक दुचाकी कारागीर, कराड