चुनखडीच्या खाणीचा तळ भूजल पाहून ठरवावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खाण संपल्यानंतर जमीन पुन्हा उपयोगात कशी आणावी, याविषयी आपल्या दैनिकात आलेली मते वाचली. बहुतेकांचा भर झाडे लावण्यावर किंवा खड्ड्याचा तलाव करण्यावर दिसतो. चुनखडीच्या खाणीत मात्र या दोन्हींच्या आधीचा प्रश्न निर्णायक ठरतो, तो म्हणजे खाणीचा तळ भूजलपातळीच्या वर राखायचा की खाली न्यायचा. उत्खननाच्या आराखड्यात हे एकदा ठरले की जमिनीचे पुढे काय होणार हेही बहुतांशी ठरून जाते. तरीही जमिनीचा आराखडा आणि पाण्याचा अहवाल अनेकदा वेगवेगळ्या माणसांनी, एकमेकांचे न वाचता लिहिलेला असतो.

चुनखडी हा पाण्यात सावकाश विरघळणारा खडक आहे. हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरणारे पावसाचे पाणी किंचित आम्लधर्मी होते आणि हजारो वर्षांत खडकातल्या भेगा रुंदावत नेते. त्यामुळे तेथील भूजल वाळूतल्यासारखे गाळून निघत नाही. ते पोकळ वाटांनी धावते, काही ठिकाणी दिवसाला किलोमीटरभरही. तळातल्या पाण्याचा उपसा सुरू झाला की पातळी भेगांच्या रोखाने खचत जाते, आणि कुंपणालगतची विहीर भरलेली असताना दूरचा झरा आटू शकतो. म्हणूनच नकाशावर खाणीभोवती एक वर्तुळ आखून त्याला प्रभावक्षेत्र म्हणण्याची पद्धत मला पटत नाही. खाणीचा आणि झऱ्याचा संबंध तपासायचा असेल, तर भेगेत फ्लुओरेसिनसारखा रंग सोडून तो कोठे आणि किती वेळाने बाहेर येतो हे पाहावे लागते. निरीक्षण विहिरींच्या पातळ्याही पहिला सुरुंग उडण्यापूर्वीच, निदान दोन वर्षे, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर नोंदवलेल्या हव्यात. मूळ नोंदच नसली, तर विहीर आटण्याचा दोष खाणीचा की अपुऱ्या पावसाचा, हा वाद कधीच मिटत नाही. तो न मिटणे काहींच्या सोयीचेही असते. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये डेहराडून-मसुरी परिसरातल्या चुनखडीच्या अनेक खाणी बंद करायला लावल्या, त्यामागच्या तक्रारींत झऱ्यांची हानी हीदेखील होती.

तळ कोठे थांबतो याचे महत्त्व केनियातल्या मोंबासाजवळच्या बांबुरी येथे दिसते. तेथे सिमेंटसाठी खणलेल्या प्रवाळ-चुनखडीच्या खाणीचा उघडा, पांढरा तळ मचूळ भूजलाच्या थोडा वर होता. १९७१ पासून निसर्गतज्ज्ञ रेने हॉलर यांनी त्यावर अनेक जातींची झाडे लावून पाहिली आणि त्यांतल्या मोजक्याच जगल्या. सुरूचे झाड खारेपणा सोसते आणि मुळांवरच्या गाठींतून हवेतला नायट्रोजन मिळवते, म्हणून ते तगले. पण त्याची सुयांसारखी पाने खाली पडून तशीच राहू लागली, कुजेनात. तेव्हा तेथे पैसा किडे सोडण्यात आले. ते ही पाने खात गेले आणि त्यांच्या विष्ठेतून मातीचा पहिला थर तयार झाला. तळ आणखी खोल गेला असता, तर तेथे जंगलाऐवजी मचूळ पाण्याचे तळे उरले असते.

खड्ड्याचा तलाव सरसकट वाईट असतो असे मला म्हणायचे नाही. परंतु असा तलाव म्हणजे भूजलाला पडलेली उघडी खिडकी असते. त्यातून बाष्पीभवन होत राहते, आणि त्यात पडलेले सांडपाणी किंवा कचरा विनागाळणी थेट विहिरींपर्यंत पोहोचतो. चुनखडी आम्ल निष्प्रभ करते, त्यामुळे अनेक कोळसा खाणींसारखे आम्लयुक्त पाणी येथे सहसा येत नाही. मात्र अमोनियम नायट्रेटवर आधारित स्फोटकांमुळे नायट्रेट वाढू शकते आणि बारीक चुरा भेगा बुजवू शकतो, म्हणून उपसलेले पाणी निवळण टाकीतून काढून आणि तपासूनच पुनर्भरणासाठी सोडायला हवे. उपसा थांबल्यावर पातळी पूर्ववत व्हायला कित्येक वर्षे लागू शकतात. तेवढा काळ निरीक्षण विहिरींच्या नोंदी कोण ठेवणार, हे आराखड्यात लिहिलेले असले पाहिजे.

खड्डा पुन्हा भरून टाकू, या आश्वासनाबाबतही सावध राहावे. बहुतेक दगड भट्टीकडे किंवा बांधकामाकडे निघून गेलेला असतो आणि मागे राहिलेली माती व टाकाऊ खडक सहसा खड्ड्याला पुरत नाहीत. मग ती तूट भरण्यासाठी बाहेरचा राडारोडा आणण्याची कल्पना पुढे येते, आणि भेगाळ खडकात तिच्याइतकी घातक कल्पना दुसरी नाही. वरचा सुपीक थर मात्र हमखास हाताशी असतो. तो वेगळा काढून कमी उंचीच्या ढिगांत, वर गवत पेरून ठेवावा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि मातीतली जीवसृष्टी मरते.

परवानगी देणाऱ्यांकडे माझी मागणी एवढीच आहे की, उत्खननाच्या प्रत्येक टप्प्याच्या छेदचित्रावर, म्हणजे जमिनीचा उभा काप दाखवणाऱ्या चित्रावर, त्या वर्षीची सर्वोच्च आणि नीचतम भूजलपातळी रेखाटलेली असावी, त्याच चित्रावर त्या टप्प्याच्या जमिनीचा अंतिम उपयोग लिहिलेला असावा, आणि मोजलेली पातळी आराखड्यातल्या मर्यादेखाली गेल्यास पुढचा टप्पा थांबवण्याची अट परवान्यातच असावी. या नोंदी आसपासच्या विहीरमालकांना दर हंगामात पाहायला मिळाव्यात.

आपला,
एक वाचक