सत्तरीपुढच्या कैद्यांचा फेरविचार व्हावा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गरजूंना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर असल्याने मला कारागृहात वरचेवर जावे लागते. तिथे सत्तरी ओलांडलेला एक जन्मठेपेचा कैदी आहे. गुडघे पार गेलेले. शौचाला बसायचे तर बॅरकमधला एक तरुण त्याला काखेत धरून बसवतो आणि उठवतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, ती हुकली, कारण त्या दिवशी रुग्णालयात न्यायला पोलिसांचे पथकच उपलब्ध नव्हते. न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली आहे, आंधळे होण्याची शिक्षा दिलेली नाही.

अशा कैद्याच्या जेवणाला कितीसे लागते? पैसा जातो तो औषधांवर आणि त्याहून अधिक बंदोबस्तावर. धड चालता न येणाऱ्याला तपासणीला न्यायचे, तरी गाडी आणि हत्यारी पोलीस हवेतच. वॉर्डात दाखल केला की पाळीपाळीने पहारा. त्यात तुरुंगांत आधीच दाटी: २०२२ अखेर देशातील तुरुंगांत ४.३६ लाखांच्या जागेत ५.७३ लाख कैदी होते.

आदिवासींच्या हक्कांसाठी झटणारे धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी तर कच्चे कैदी होते. पार्किन्सनने हात थरथरत असताना तळोजा कारागृहात पाणी पिण्यासाठी सिपर आणि स्ट्रॉ मिळावी म्हणून ८३व्या वर्षी त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. जामिनाचा निकाल लागण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी ते गेले. याची राज्याला लाज वाटायला हवी.

२०२२ च्या, स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवानिमित्तच्या शिक्षामाफीत निम्मी शिक्षा भोगलेले साठीचे पुरुष आणि पन्नाशीच्या स्त्रिया पात्र होत्या, पण जन्मठेपवाले वगळले गेले. तुरुंगात म्हातारपण येते ते बहुतेक त्यांनाच!

ज्यांच्या घरातले माणूस मारले गेले, त्यांना वृद्ध कैद्यांच्या सुटकेचा विचार करण्याची ही मागणी झोंबेल, हे मी जाणतो. सरसकट सोडा, असे माझे म्हणणे नाही. सत्तरी पूर्ण होताच, कैद्याच्या अर्जाची वाट न पाहता, कारागृहानेच प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे ठेवावे आणि पीडित कुटुंबाचेही ऐकून घ्यावे. सुटका झालेल्यांपैकी अनेकांना घरचे न्यायला येत नाहीत. त्यांच्यासाठी समाजकल्याण खात्याने वृद्धाश्रमांत आधीच जागा राखाव्यात. जे आत राहतील त्यांना निदान खाट आणि कमोड मिळावा.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तुरुंगविषयक अहवालात पन्नाशीपुढचे सगळे एकाच रकान्यात असतात, ५१ चाही आणि ८१ चाही. राज्याच्या गृहखात्याने सत्तरीपुढच्या कैद्यांची कारागृहनिहाय संख्या आणि त्यांच्या आजारांची माहिती येत्या अधिवेशनात सभागृहापुढे ठेवावी.

– एक वकील वाचक, सातारा