त्या ३०६ खांबांपुढे उभी राहून

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मुलाकडे बर्मिंगहॅमला गेले होते, तेव्हा त्याने मला स्टॅफर्डशायरमधल्या राष्ट्रीय स्मृतिवनात नेले. तिथे एका कडेला ३०६ लाकडी खांब रोवलेले होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेने आपल्याच ज्या सैनिकांना गोळ्या घातल्या, त्यांची नावे त्यांवर आहेत. बहुतेकांवर आरोप पलायनाचा, काहींवर भित्रेपणाचा. पुढे डोळे बांधलेल्या, हात मागे आवळलेल्या एका पोराचा पुतळा. तो ज्याच्यावरून घडवला, तो हर्बर्ट बर्डन १७ वर्षांचा होता.

मी ३१ वर्षे परिचारिका होते, त्यातली बरीच मनोरुग्ण कक्षात. म्हणून त्यांच्यातल्या हॅरी फार या सैनिकाची हकिकत मनातून जात नाही. १९१५ मध्ये तोफगोळ्यांच्या धसक्याने तो पाच महिने इस्पितळात होता. हात इतके थरथरत, की बायकोला लिहायची पत्रे नर्सने लिहून दिली. त्याच माणसाला पुन्हा फ्रान्समधल्या सोम नदीच्या आघाडीवर धाडले. पुढच्या सप्टेंबरात त्याने खंदकाकडे जायला नकार दिला. खटला उरकला वीसेक मिनिटांत, बाजू मांडायला कोणी नाही. ऑक्टोबर १९१६ मधल्या एका पहाटे त्याला गोळ्या घालून मारले. वय २५. विधवेचे पेन्शनही बंद केले. ती पत्रे लिहिणाऱ्या नर्सला एकदा साक्षीला बोलावले असते तर, असे मला सारखे वाटते.

ऑस्ट्रेलियाने आपल्या सैनिकांवर अशी शिक्षा अमलात येऊ दिली नाही, आणि तेही त्याच चिखलात लढले. ब्रिटनने २००६ मध्ये कायदा करून या ३०६ जणांना माफी दिली. पण त्याच कलमात म्हटले आहे, की दोषसिद्धी आणि शिक्षेला यामुळे बाध येत नाही. आजारी माणसाला कसली माफी?

हे लिहायला बसले ते माझ्या थोरल्या दादामुळे. १९७१ च्या लढाईतून तो धडधाकट परतला, असेच सगळे म्हणत. दिवाळीत पहिला फटाका वाजला की तो खाटेखाली शिरायचा. आळीतली पोरे मुद्दाम दारात लवंगी माळ लावायची आणि मोठी माणसे हसायची. "फौजी भ्यायला!" आईने कधी कोणाला दादाबद्दल काही सांगितले नाही. मी शिकून नोकरीला लागेपर्यंत मलाही ते आजारपण आहे हे कळले नव्हते. तोवर उशीर झाला होता.

आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी असलेली गावे आहेत. माजी सैनिकांच्या मेळाव्यात पेन्शनचे कागद तपासायला टेबल मांडतात. त्याच्या शेजारी आणखी एक टेबल मांडून मनोविकारतज्ज्ञ बसवावा, आणि बायकांनाही तिथे बोलू द्यावे. रात्री कोण दचकून उठतो, ते त्यांनाच ठाऊक असते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सातारा