बोंडू फळ की दारू, एवढं तरी ठरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात मधलं अख्खं पान गोवा-सिंधुदुर्ग सहकार्याच्या कायदेशीर आणि आर्थिक संधींना दिलंत, आभारी आहे. लेख दोनदा वाचला. एकदा चहाबरोबर आणि एकदा चष्मा पुसून, कारण गोव्याच्या हद्दीला लागून असलेल्या आमच्या दोडामार्ग तालुक्याचं नाव कुठे दिसेना. शेवटी सापडलं, 'सीमावर्ती भाग' या दोन शब्दांत. मोपा आणि चिपी हे दोन विमानतळ आहेत, पर्यटन आहे, लॉजिस्टिक्स नावाचं काहीतरी चार वेळा आहे. काजूही एकदा आहे, पण निर्यातीच्या वाक्यात, म्हणजे बीपुरता. बोंडू, म्हणजे बी ज्याच्या टोकाला लटकते ते काजूचं रसाळ फळ, कुठेच नाही.

किलोभर बी हाती यायची तर पाच-सहा किलो तरी बोंडू झाडावरून उतरतो. बी आम्ही वाळवतो, व्यापाऱ्याच्या काट्याशी भांडतो, विकतो. बोंडू झाडाखाली कुजतो. काही गुरं खातात, काही माश्या खातात. हद्दीच्या पलीकडे, गोव्यात, हाच बोंडू तुडवून रस काढतात, आंबवतात, गाळतात. पहिल्यांदा गाळला की हुर्राक, पुन्हा गाळला की फेणी. त्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. आमच्या बाजूला कुणी परसात भट्टी लावली तर 1949 चा दारूबंदी कायदा दारात उभा. हद्दीला लागून बाग असलेले माझे एक स्नेही म्हणतात, बोंडू कुठल्या बाजूला पडला यावर तो वारसा की मुद्देमाल ते ठरतं.

तुमच्या विद्वान लेखकांनी 'अडथळारहित मालवाहतूक' असा शब्द वापरलाय. त्यावरून मला गेल्या वर्षीचा एप्रिल आठवला, आणि खरं तर म्हणूनच हे पत्र.

पलीकडच्या एका भट्टीवाल्याने बोंडू मागितला होता. म्हटलं, कुजण्यापेक्षा चार पैसे आले तर आले. पहाटे पाचपासून घरची सगळी माणसं आणि दोन गडी मिळून चाळीस क्रेट भरले. भाच्याचा पिकअप होता. आता बोंडू काही सफरचंद नव्हे. भरला की खालचे फुटतात, रस गळतो, वास सुटतो. एका नाक्यावर (कुठल्या ते सांगत नाही, का ते खाली लिहिलंय) गाडी थांबवली. साहेबांनी मागे जाऊन वास घेतला आणि म्हणाले, "हे रसायन आहे." रसायन म्हणजे दारू गाळण्यासाठी आंबवलेला रस.

भाचा म्हणाला, "बोंडू आसत साहेब, दारू न्हय."

"मग परवाना दाखवा."

कसला परवाना, ते त्यांनाही सांगता येईना. फळाचा असेल तर तो लागतच नाही. दारूचा असेल तर ती अजून झालेली नाही. मग वरच्या साहेबांना फोन. वरचे साहेब मीटिंगला. गाडी बाजूला घ्या. सकाळी साडेदहाला बाजूला घेतलेली गाडी दुपारी चारला सुटली. कागद नाही, दंड नाही, पावती नाही, नुसतं "जावा आता". एप्रिलचं ऊन, वर ताडपत्री. आम्ही पोचलो तेव्हा क्रेटमध्ये बुडबुडे यायला लागले होते. सकाळी साहेब चुकीचं बोलले होते, चार वाजता त्यांचं म्हणणं खरं झालं. भट्टीवाल्याने एका क्रेटात हात घातला, हुंगला आणि म्हणाला, एवढं काम तुम्हीच करून आणलंत तर मी काय करू? चाळीसच्या चाळीस क्रेट परत. भाच्याचं डिझेल मी दिलं. गड्यांची मजुरीही अर्थातच मीच दिली. घरी आल्यावर बायकोने काही विचारलं नाही, ते सगळ्यात वाईट.

आमचे जावई वकील आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाले, संविधानाच्या कलम 301 प्रमाणे देशभर व्यापार मुक्त आहे. मला हुरूप आला. मग ते म्हणाले, पण दारूवर राज्याला हवे ते निर्बंध घालता येतात, दारू जीएसटीतसुद्धा नाही. म्हणजे फिरून आलोच तिथे. बोंडू फळ की दारू? आणि फळ असेल तर किती वाजेपर्यंत?

यात संधी कुठे आहेत असं तुमचे लेखक विचारतील. मला वाटतं, दोन्हीकडच्या उत्पादन शुल्क खात्यांनी मिळून एक पानाचा कागद काढला तर पुरे. हंगामात, मार्च ते मे, बागेतून निघालेला बोंडू हा शेतमाल समजावा, ग्रामपंचायतीचा दाखला असला की गाडी अडवू नये. एवढंच. परिषद नको, महामंडळ तर नकोच.

आणि हे होत नाही असं कुणी सांगू नये. आमच्याकडच्या तिळारी धरणाचं पाणी पलीकडे न्यायचं होतं तेव्हा दोन राज्यांनी 1990 मध्ये करार केला, खर्चाचे वाटे टक्क्यांत ठरवले. आमची गावं त्या पाण्याखाली गेली. पाण्याला परवाना कुणी विचारत नाही. हत्ती 2002 पासून कर्नाटकातून आमच्या तालुक्यात येतोय, तोही कुणाला न विचारता. मुंबई उच्च न्यायालय दोन्ही राज्यांना एकच, टेलिफोनचं सर्कल एक, वकिलांची बार कौन्सिलसुद्धा महाराष्ट्र आणि गोवा अशी एकत्रच आहे. दुसऱ्या बारचं तेवढं जमेना. 1956 च्या कायद्याने केलेल्या पश्चिम विभागीय परिषदेत दोन्ही राज्यं शेजारी बसतात. तिथे बोंडू हा शब्द कुणी उच्चारला असेल तर कळवावं, मी माझ्या खर्चाने त्यांना एक पाटी पाठवीन. नाक्यावरून गेली तर.

विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. एमएच 07 ची, म्हणजे आमच्या सिंधुदुर्गाच्या गाडीची, पाटी दिसली की पलीकडचे वाहतूक पोलीस जेवढ्या आपुलकीने शिटी मारतात तेवढ्या आपुलकीने आमचे लग्नातले पाहुणेसुद्धा हाक मारत नाहीत. यावर तुमच्या लेखात एक ओळ तरी हवी होती. दवाखान्याचा विषय मी काढत नाही, पत्र लांबेल.

माझं नाव छापू नये. त्या नाक्यावरून मला आठवड्यातून तीनदा जावं लागतं.

आपला,
एक काजू बागायतदार,
ता. दोडामार्ग

ता. क. : लेखासोबतच्या छायाचित्राखाली 'कोकणातील आमराई' असं छापलं आहे. झाड काजूचं आहे. नीट पाहिलंत तर खाली पडलेला बोंडूही दिसेल.